‘बी. ए. झालास, आता पुढे काय?’ : पुण्यातल्या एका जुन्या प्रश्नाचा इतिहास

आजचा विषय जरा घरगुती वाटेल. मुलानं किंवा मुलीनं सांगितलं, की मी आर्ट्स घेतलं, तर घरात पहिला प्रश्न येतो, ‘ते ठीक आहे, पण पुढे काय?’ हा प्रश्न आजच्या आईवडिलांनी शोधून काढलेला नाही. पुण्यात तो निदान दीडशे वर्षं विचारला जातोय, आणि त्याला या शहरानं वेळोवेळी जी उत्तरं दिली त्यातून आज आपण ज्या संस्थांच्या पाट्या रोज बघतो त्यातल्या बऱ्याचशा उभ्या राहिल्या. त्या उत्तरांकडे आज बघायचं आहे.

पुण्याला आपण विद्येचं माहेरघर म्हणतो. आता माहेर म्हटलं की सासर आलंच. माहेरात कोणी जन्मभर राहत नाही. इथे शिकून बाहेर पडलेली विद्या पुढे कुठे नांदली, तिला कोणी नांदवलं, याची चौकशी मात्र आपण फारशी करत नाही.

सुरुवात करू १८२१ पासून. पेशवाईत श्रावणात दक्षिणा वाटली जायची, हे आपल्याला माहीत आहे. वेदशास्त्र जाणणाऱ्या ब्राह्मणांना परीक्षा घेऊन पैसे दिले जायचे. ही व्यवस्था बरी-वाईट काय होती तो वेगळा विषय, पण त्यातली एक गोष्ट ध्यानात ठेवा. त्या व्यवस्थेत विद्येचा पैसा थेट विद्येलाच मिळत होता, मध्ये नोकरी नव्हती. पेशवाई गेल्यावर एल्फिन्स्टनपुढे प्रश्न पडला, की या दक्षिणेचं करायचं काय? एकदम बंद केली तर असंतोष. मग त्या पैशातला काही भाग वळवून विश्रामबागवाड्यात ऑक्टोबर १८२१ मध्ये संस्कृत पाठशाळा काढली. तिलाच हिंदू कॉलेज म्हणत. १८५१ मध्ये तिचं पूना कॉलेज झालं, १८६४ मध्ये डेक्कन कॉलेज, आणि १८६८ मध्ये ते येरवड्याच्या त्या दगडी इमारतीत गेलं. त्या इमारतीसाठी सर जमशेटजी जीजीभाईंनी देणगी दिली होती. दक्षिणा फंडातून पुढे ‘दक्षिणा फेलो’ नेमले जाऊ लागले, म्हणजे शिकलेल्या तरुणांना थोडं वेतन देऊन कॉलेजात शिकवायला ठेवायचं. न्यायमूर्ती रानडे दक्षिणा फेलो होते, आगरकरही होते. पेशव्यांची श्रावणातली दक्षिणा अशी वळणं घेत घेत इंग्रजी शिकलेल्या पदवीधराच्या पहिल्या पगारात उतरली. आम्हाला हा इतिहासातला मोठा गमतीचा प्रवास वाटतो.

मुंबई विद्यापीठ निघालं १८५७ साली. बी. ए.ची पहिली परीक्षा झाली १८६२ मध्ये, आणि पहिले पदवीधर चार : महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. अख्ख्या इलाख्यात चार! आता तुम्ही म्हणाल, यांना काय नोकरीची चिंता. पण रानड्यांचा पुढचा प्रवास बघा. १८६४ मध्ये एम. ए., १८६६ मध्ये एलएल. बी. मग शिक्षण खात्यात मराठी भाषांतरकार. मग काही काळ अक्कलकोट संस्थानात कारभारी. मग कोल्हापुरात न्यायाधीश. मग एल्फिन्स्टन कॉलेजात इंग्रजीचे प्राध्यापक. १८७१ मध्ये पुण्यात सबजज्ज. हायकोर्टाच्या न्यायमूर्तीची खुर्ची १८९३ मध्ये. भाषांतर, संस्थान, कॉलेज, कोर्ट असं सगळं पाच-सहा वर्षांत झालं. आज एखाद्या उमेदवाराचा असा बायोडेटा समोर आला तर मुलाखत घेणारे विचारतील, ‘तुमचं नक्की काय ठरलंय?’

इथे एक खुलासा. त्या काळचं बी. ए. म्हणजे आजची ‘आर्ट्स साइड’ नव्हे. इंग्रजी, एक अभिजात भाषा, इतिहास, तर्कशास्त्र आणि गणित हे सगळं त्यात होतं. टिळक १८७६ मध्ये डेक्कन कॉलेजातून बी. ए. झाले ते गणित घेऊन. धोंडो केशव कर्व्यांचंही तेच, गणित आणि बी. ए. म्हणजे ‘गणित जमत नाही म्हणून आर्ट्स’ हे आपल्याकडचं जे वाक्य आहे, ते त्या पिढीला कळलंच नसतं. शाखांच्या भिंती आणि त्यांची उतरंड, वर सायन्स, मध्ये कॉमर्स आणि उरलेल्यांना आर्ट्स, ही अलीकडची बांधकामं आहेत.

आता येऊ खऱ्या गोष्टीकडे. पहिल्या पिढीला सरकारनं सामावून घेतलं. शिक्षण खातं, महसूल खातं, न्यायखातं. पण कॉलेजातून दरवर्षी नवे पदवीधर बाहेर पडत होते, आणि वरच्या जागा इंग्रजांच्या होत्या. सिव्हिल सर्व्हिसची परीक्षा विलायतेत, आणि तिची वयोमर्यादाही १८७० च्या दशकात खाली आणलेली. म्हणजे हिंदुस्थानी पदवीधराला मामलेदार, मुन्सफ, हेडमास्तर, फार तर डेप्युटी, एवढंच आकाश. त्यात सरकारी शिक्षक म्हणजे बदली आली, साहेबाचा शेरा आला.

विष्णुशास्त्री चिपळूणकर याच वाटेवर होते. १८७२ मध्ये बी. ए., मग सरकारी शाळेत शिक्षक. १८७४ पासून निबंधमाला लिहीत होते. पुण्यातून रत्नागिरीला बदली झाली, आणि १८७९ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. आपण ही गोष्ट शाळेत देशभक्तीची गोष्ट म्हणून शिकलो. ती तशी आहेच. पण आज जरा वेगळ्या बाजूनं बघू. एकोणतीस वर्षांचा भाषा-साहित्याचा पदवीधर, पक्की सरकारी नोकरी सोडतो, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत काय काय करतो? चित्रशाळा, म्हणजे चित्रं छापायचा धंदा, राजीनाम्याच्या आधीच सहकाऱ्यांबरोबर सुरू झालेला. मग आर्यभूषण छापखाना, किताबखाना म्हणजे पुस्तकांचं दुकान. जानेवारी १८८० मध्ये टिळक आणि नामजोश्यांना बरोबर घेऊन न्यू इंग्लिश स्कूल. जानेवारी १८८१ मध्ये ‘मराठा’ आणि ‘केसरी’. म्हणजे लिहिणं, छापणं, विकणं आणि शिकवणं, ही जी भाषेच्या माणसाला येणारी कामं, त्या प्रत्येकाचं त्यांनी दुकान उघडलं. आणि मार्च १८८२ मध्ये, वयाच्या ३२ व्या वर्षी गेले.

पुढे १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी, १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज. इथे आजीव सदस्यांची पद्धत आली. वीस वर्षं सेवेची शपथ आणि पगार महिना ७५ रुपये. आगरकरांनी एम. ए. होतानाच आईला कळवलं होतं, की मुलगा शिकला म्हणजे मोठ्या पगारावर जाईल अशी आशा धरू नकोस. ते पत्र प्रसिद्ध आहे. वामन शिवराम आपटे हे संस्कृतचे एम. ए., ज्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश आजही छापला जातो, ते कॉलेजचे पहिले प्राचार्य. १८९२ मध्ये पस्तिशी न गाठताच गेले. मग आगरकर प्राचार्य, ते १८९५ मध्ये, एकोणचाळिसाव्या वर्षी गेले. ‘त्याग’ हा शब्द आपण सहज वापरतो. या वयांकडे बघितलं की तो शब्द तोंडात अडखळतो.

पण ७५ रुपयांचं दुसरं टोकही सांगायला हवं. त्या काळच्या शेतमजुराच्या किंवा प्राथमिक शिक्षकाच्या मानानं हा पगार लहान नव्हता. तो लहान होता तो या माणसांना सरकारात जे मिळू शकलं असतं त्याच्या मानानं.

याच संस्थेत पुढे जे भांडण झालं त्यात आमच्या आजच्या विषयाचं सार आहे. टिळक-आगरकर वाद म्हटलं की आधी राजकीय की आधी सामाजिक, एवढंच आपल्याला आठवतं. पण संस्थेच्या आतला वाद बऱ्याच अंशी पैशाचा आणि वेळेचा होता. प्रश्न असा : आजीव सदस्यानं बाहेर काम करून पैसे मिळवावेत का? मिळवले तर ते त्याचे की संस्थेचे? टिळकांचं म्हणणं, आपण जेझुइट पाद्र्यांसारखं राहायचं, बाहेरची कमाई संस्थेच्या पेटीत गेली पाहिजे. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, घर चालवायचं कसं, आणि बाहेरची सार्वजनिक कामं करायची नाहीत का? गोखल्यांनी अंकगणिताचं पाठ्यपुस्तक लिहिलं, ते चांगलं खपलं. आगरकर १८८८ पासून ‘सुधारक’ चालवत होते, गोखले त्याची इंग्रजी बाजू लिहीत. १८९० मध्ये गोखल्यांनी सार्वजनिक सभेचं चिटणीसपद घेतलं, आणि त्यावरून ठिणगी पडून त्या वर्षअखेर टिळकांनी सोसायटीचा राजीनामा दिला. आजच्या भाषेत सांगायचं, तर हा ‘साइड इन्कम’चा वाद होता. तासांवर शिकवून संध्याकाळी क्लास घेणाऱ्या, रात्री भाषांतरं करणाऱ्या आजच्या प्राध्यापकाला तो लगेच कळेल.

आणि गंमत बघा. संस्थेबाहेर पडल्यावर टिळकांनी पोटासाठी काय केलं? त्यांचा लॉ क्लास होता. वकिलीच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांना ते शिकवत. शिवाय लातूरला भागीदारीत जिनिंगचा कारखाना. ‘केसरी’ तेव्हा पैसे देणारा नव्हता, घेणारा होता. नरसिंह चिंतामण केळकर हे साताऱ्याला वकिली करत होते, त्यांना १८९६ मध्ये पुण्यात आणलं ते या क्लासला आणि पत्रांना हातभार म्हणून. त्याच सुमाराला कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर, तेही बी. ए., ‘केसरी’त आले. पुढे नाटककार झाले, १९२३ मध्ये ‘नवाकाळ’ काढला. नारायण पेठेत स्पर्धापरीक्षेच्या क्लासेसचे जे फलक आज लागलेत, त्यांची पणजोबांची शाखा म्हणून टिळकांच्या लॉ क्लासकडे बोट दाखवता येईल. फलकवाल्यांनी ते अजून जाहिरातीत कसं घेतलं नाही कोण जाणे.

इथवर आपण ज्यांची नावं घेतली ते बहुतेक सगळे एका जातीचे आणि सगळे पुरुष. हा योगायोग नव्हे. त्याच पुण्यात राहणाऱ्या जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे निवेदन दिलं, त्यात हीच नस पकडली आहे. सरकारचा पैसा रयतेच्या घामातून येतो, आणि तो वरच्या शिक्षणावर खर्च होतो, ज्याचा फायदा मूठभर वरच्या जातींना. दुसरा मुद्दा त्याहून बोचरा : या वरच्या शाळांतलं ज्ञान रोजच्या जगण्याला उपयोगी नाही, त्यातून कारकून आणि मास्तर तेवढे निघतात. तिसरं, प्राथमिक शिक्षण आधी द्या. ज्या दशकात चिपळूणकर-टिळक सरकारी नोकरी नाकारत होते, त्याच दशकात फुले विचारत होते, की ती नोकरी नाकारायची ऐपत तरी किती जणांकडे आहे? नाकारायला आधी मिळायला लागते. आम्हाला वाटतं, पुण्याच्या बी. ए.चा कुठलाही इतिहास या प्रश्नाशिवाय अर्धा आहे.

बायकांचं एक उदाहरण घेऊ. कॉर्नेलिया सोराबजी. जन्म नाशिकचा, घर पुण्यात, आई पुण्यात शाळा चालवायची. डेक्कन कॉलेजातली पहिली विद्यार्थिनी, मुंबई विद्यापीठाची पहिली स्त्री पदवीधर. परीक्षेत पहिल्या वर्गात आल्या. वरच्या क्रमांकाला विलायतेची सरकारी शिष्यवृत्ती असायची, ती त्यांना नाकारली गेली, कारण त्या बाई. मग अहमदाबादला गुजरात कॉलेजात पुरुष विद्यार्थ्यांना इंग्रजी वाङ्मय शिकवलं. इंग्लंडमधल्या मित्रमंडळींनी पैसे जमवले, त्यावर १८८९ मध्ये ऑक्सफर्डला गेल्या, १८९२ मध्ये तिथली कायद्याची बी. सी. एल. परीक्षा देणारी पहिली स्त्री ठरल्या. परत आल्या तर कोर्टात उभं राहायचा हक्क नाही. १९०४ मध्ये बंगाल सरकारनं कोर्ट ऑफ वॉर्ड्ससाठी, पडद्यातल्या जमीनदार स्त्रियांची सल्लागार म्हणून नेमलं. स्त्रियांना वकिलीची दारं कायद्यानं उघडली १९२३ मध्ये, म्हणजे परीक्षा दिल्यावर एकतीस वर्षांनी. ‘पदवी घेतली, पुढे काय?’ याचं त्यांना मिळालेलं उत्तर होतं, थांबा.

विठ्ठल रामजी शिंदे १८९८ मध्ये फर्ग्युसनमधून बी. ए. झाले, ऑक्सफर्डला धर्माचा तौलनिक अभ्यास केला, आणि १९०६ मध्ये अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढलं. नारायण मल्हार जोशी डेक्कन कॉलेजचे बी. ए., काही वर्षं शाळामास्तर. गोखल्यांनी १९०५ मध्ये पुण्यात भारत सेवक समाज काढला होता, त्यात १९०९ मध्ये गेले, आणि १९१९ मध्ये वॉशिंग्टनच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेत हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून बसले. सार्वजनिक काम हा पूर्ण वेळचा, बेताच्या मानधनाचा पेशा असू शकतो, ही कल्पना भारत सेवक समाजानं रुजवली. आजच्या एनजीओंची ती आजी.

आता दोन अवलिये. त्यांच्यावर थोडं थांबू, कारण या दोघांना कोणत्याच खात्यात बसवता येत नाही.

पहिले विश्वनाथ काशीनाथ राजवाडे. १८९० मध्ये डेक्कन कॉलेजातून बी. ए. थोडे दिवस शाळेत शिकवलं, सोडलं. ‘भाषांतर’ नावाचं मासिक काढलं, बंद पडलं. मग गावोगाव हिंडून जुनी दप्तरं शोधायला लागले. १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड आला. असे बावीस खंड झाले. १९१० मध्ये मेहेंदळ्यांबरोबर भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केलं. पगार कुठे? कुठेच नाही. मित्र, आश्रयदाते, कुणाकडे जेवण, कुणाकडे मुक्काम. १९२६ मध्ये गेले तोवर हेच. तरुणांना हे उदाहरण आदर्श म्हणून द्यावं असं आम्हाला वाटत नाही. समाजानं अशा माणसाला पगार दिला नाही, यात कौतुक करण्यासारखं काही नाही. पण त्या बावीस खंडांवर नंतर किती जणांच्या पीएच. ड्या आणि नेमणुका उभ्या राहिल्या ते मात्र मोजून बघावं.

दुसरे श्रीधर व्यंकटेश केतकर. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शिकून १९११ मध्ये पीएच. डी., प्रबंध हिंदुस्थानातल्या जातिसंस्थेच्या इतिहासावर. आता एवढं शिकून परतलेल्या माणसाला इकडे स्थिर प्राध्यापकी मिळाली नाही. मग त्यांनी जे केलं ते आजच्या ‘स्टार्टअप’वाल्यांनी वाचावं. मराठी ज्ञानकोश काढायचा ठरवलं, आणि त्यासाठी चक्क लिमिटेड कंपनी काढली. भाग विकले, वर्गणीदार गोळा करायला गावोगाव माणसं फिरवली. काम नागपुरात सुरू झालं, मग पुण्यात आलं. १९२० पासून खंड बाहेर पडू लागले आणि तेवीस खंड पुरे झाले. दान नाही, सरकारी अनुदान नाही. मराठी माणूस ज्ञानकोशाचे पैसे आगाऊ देतो, हे केतकरांनी सिद्ध केलं. आणि या कार्यालयात जे तरुण कामाला लागले त्यातले यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांनी पुढे महाराष्ट्र शब्दकोशाचे खंड काढले. कोशकार्य ही नोकरी असू शकते, हे एका बिननोकरीच्या माणसानं दाखवलं.

त्याच सुमाराला पुण्यात संशोधनाला बसायला जागा तयार होत होत्या. १९१७ मध्ये भांडारकर प्राच्यविद्या संस्था. १९१९ मध्ये तिथे महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम सुरू झालं, १९२५ मध्ये विष्णु सीताराम सुखटणकर मुख्य संपादक झाले. हे गृहस्थ केंब्रिजला गणित शिकून मग बर्लिनला संस्कृताकडे वळलेले. बाराशेंहून अधिक हस्तलिखितं तपासून ती आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण झाली. म्हणजे सत्तेचाळीस वर्षं एका ग्रंथानं शास्त्री आणि संस्कृतच्या पदवीधरांना काम दिलं. १९३० मध्ये धनंजयराव गाडगीळांची गोखले अर्थशास्त्र संस्था आली. तिनं पुणे शहराची घरोघर फिरून पाहणी केली, ती १९४५ आणि १९५२ मध्ये दोन भागांत छापली. डेक्कन कॉलेज मात्र १९३४ मध्ये सरकारनं बंद केलं होतं. ते १९३९ मध्ये संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडलं.

त्या १९३९ च्या पहिल्या तुकडीत इरावतीबाई कर्वे होत्या. त्यांची वाट बघा : १९२६ मध्ये फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञान घेऊन बी. ए., मग मुंबईत घुर्यांकडे समाजशास्त्रात एम. ए., मग बर्लिनला मानववंशशास्त्रात पीएच. डी. परत आल्या तर त्या विषयाची जागाच महाराष्ट्रात कुठे नव्हती. काही वर्षं महिला विद्यापीठात रजिस्ट्रार म्हणून कचेरीचं काम केलं. डेक्कन कॉलेज उघडल्यावर मग त्यांचा विषय आणि त्यांची नोकरी एका खोलीत आले. तोवर नऊ वर्षं गेली होती. त्यांच्याच बरोबर हसमुख सांकलिया आले, आणि पुण्यात पुरातत्त्व उभं राहिलं. नेवासे, इनामगाव इथली उत्खननं हा त्याचाच पुढचा भाग.

स्वातंत्र्यानंतरचा भाग आम्ही भराभर सांगतो, कारण तो आपल्यातल्या अनेकांनी पाहिलेला आहे. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ. जिल्ह्याजिल्ह्यांत कॉलेजं निघाली, आणि दोन-तीन दशकं कला शाखेच्या पदवीधराला एक सरळ वाट होती. एम. ए. करा, कॉलेजात लागा. नाहीतर बी. एड. करून शाळेत. खेड्यातून आलेल्या, घरात पहिल्यांदा शिकलेल्या हजारो मुलांनी या वाटेनं घरं उभी केली. फुल्यांनी ‘मास्तर आणि कारकून’ म्हणून जे हिणवलं होतं, तीच मास्तरकी बहुजन घरांतल्या मुलांना इज्जत देणारी ठरली. इतिहास असा उलटतो. मग ती वाट आटली. भरती थांबली, की जागा रिकाम्या ठेवून तासिका तत्त्वावर माणसं घ्यायची. नेट-सेट झालेला, कधी पीएच. डी. झालेला माणूस दोन कॉलेजांत तास घेतो आणि सुट्टीच्या महिन्यांत मानधन शून्य. आगरकरांना निदान बाराही महिने ७५ रुपये मिळत होते.

ती वाट आटल्यावर गर्दी कुठे वळली ते सदाशिव पेठेत, नवी पेठेत जाऊन बघावं. अभ्यासिका, मेस, कॉट बेसिस, आणि पुस्तकांसाठी अप्पा बळवंत चौक. बीड, नांदेड, लातूर, धुळे, गडचिरोली, सगळा महाराष्ट्र तिथे वाकून बसलेला आहे. राज्यसेवेच्या जागा शेकड्यांत आणि अर्ज लाखांत. ‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ असं म्हणणाऱ्या समाजात शेतकऱ्यानं शेत गहाण टाकून पोराला कनिष्ठ नोकरीच्या परीक्षेला पाठवावं, ही शेतीची काय दशा झाली त्याचीही खूण आहे. मार्च २०२१ मध्ये परीक्षा तोंडावर असताना पुढे ढकलली तेव्हा ही मुलं रस्त्यावर आली. २०२३ च्या फेब्रुवारीत नवी वर्णनात्मक पद्धत २०२५ पासून लागू करा म्हणून बसली, ते आयोगानं मान्य केलं. ऑगस्ट २०२४ मध्ये एकाच दिवशी दोन परीक्षा आल्या म्हणून पुन्हा शास्त्री रस्ता. या आंदोलनांच्या बातम्यांत ‘विद्यार्थी’ हा शब्द असतो. त्यातले कितीतरी जण तिशीला आलेले असतात.

यातला विरोधाभास आम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. या परीक्षांचा अभ्यास म्हणजे काय? इतिहास, राज्यघटना, भूगोल, अर्थशास्त्र, निबंध. म्हणजे बी. ए.चाच अभ्यास. इंजिनिअर झालेला मुलगा अभ्यासिकेत बसून फुले-आगरकर पाठ करतो. जे विषय कॉलेजात घेतले तर ‘पुढे काय?’, तेच विषय परीक्षेसाठी घेतले की ‘तयारी चालू आहे’ असं अभिमानानं सांगता येतं.

आणि याच शहराच्या दुसऱ्या टोकाला, विमाननगरला सिम्बायोसिसनं २०११ मध्ये आणि लवळ्याला फ्लेमनं ‘लिबरल आर्ट्स’ची पदवी आणली. तत्त्वज्ञान घ्या, त्याच्याबरोबर गणित घ्या, नाटक घ्या. फी वर्षाला लाखांत. कल्पना चांगली आहे, १८७६ च्या बी. ए.च्या बरीच जवळची आहे. पण तेच इतिहास-मानसशास्त्र मराठीतून साध्या कॉलेजात शिकलं की ‘नुसतं बी. ए.’, आणि इंग्रजीतून टेकडीपलीकडे शिकलं की ‘लिबरल आर्ट्स’. नोकरी देणारा या दोघांत फरक करतो तो विषयाचा नसतो. इंग्रजीचा असतो, ओळखीचा असतो, आणि वर्ष-दोन वर्षं बिनपगारी इंटर्नशिप परवडते की नाही याचा असतो. फुल्यांचा ऐपतीचा प्रश्न अजून तिथेच उभा आहे.

मग वाटा नाहीतच का? आहेत, पण त्यांच्यावर पाट्या नाहीत. फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन, जपानी शिकलेल्यांना पुण्यातल्या कंपन्या बोलावतात, त्यात बी. ए.वाले पुष्कळ आहेत. १९६४ पासून पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. आणि एक वाट अशी, जी अचानक उघडली. सरकारी पुराभिलेखागारात, ज्याला आपण पेशवे दप्तर म्हणतो, कोट्यवधी कागद आहेत, त्यातले बहुतेक मोडीत. त्यातून रियासतकार गोविंद सखाराम सरदेसायांनी पंचेचाळीस भाग निवडून छापले. ते स्वतः बी. ए. होऊन बडोद्याला सयाजीरावांच्या नोकरीत जन्म काढलेले, आणि हे काम निवृत्तीनंतरचं. त्यानंतर मोडी शिकणं हा लोकांनी हौशी मंडळींचा छंद धरला होता. कोणी पोरगं मोडी शिकतो म्हणालं तर घरचे डोक्याला हात लावत.

२०२३ च्या सप्टेंबरात मराठा आरक्षणाच्या आंदोलनानंतर सरकारनं न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. कुणबी असल्याच्या जुन्या नोंदी शोधायच्या होत्या. तहसीलच्या, शाळांच्या, भूमिअभिलेखाच्या जुन्या रजिस्टरांत त्या नोंदी, आणि त्यातल्या कितीतरी मोडीत. जिल्ह्याजिल्ह्यांतून मोडी वाचणारे कुठे मिळतील याची शोधाशोध सुरू झाली. लाखो कुटुंबांच्या दाखल्याचा, म्हणजे त्यांच्या मुलांच्या फीचा आणि त्याच त्या सरकारी नोकरीच्या अर्जाचा प्रश्न, एका लिपीच्या वाचकाच्या डोळ्यांवर येऊन थांबला होता. हे वाचक बहुतेक तात्पुरते, मानधनावर घेतलेले. कायम पद कोणाचंच नव्हतं.

वेळ झाली आहे, इथे थांबतो. दक्षिणा प्राइझ कमिटी आणि तिनं बक्षिसं दिलेली मराठी पुस्तकं यावर आज बोलता आलं नाही, ते पुढच्या व्याख्यानात घेऊ. प्रश्न असतील तर विचारा.